आजाऱ्याचं शहाळं आणि आमचा मापाचा पेला

कोकणात आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. मुंबईचे पाहुणे सफरचंदं आणतात, आमच्या रत्नागिरीचे शहाळी आणतात. ओटीवर पिशवी टेकवतात आणि सांगतात, "वहिनी, रोज सकाळी एक द्या यांना. किडनी धुऊन निघते." मी हो म्हणते, चहा टाकते, आणि ते गेले की शहाळी शेजारच्या पोरांना देऊन टाकते. आमच्या परसात तीन माड आहेत. शहाळं द्यायचंच असतं तर मी पाहुण्यांची वाट कशाला बघितली असती?

आमचे हे एसटीतून निवृत्त झाले. वय 64. मधुमेह जुना, त्याच्या मागोमाग बीपी, आणि त्या दोघांनी मिळून मूत्रपिंडं पोखरली. शेवटच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकलं की रक्तात साचणारा कचरा, 3.4 आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा आकडा, 19. ईजीएफआर 15 ते 29 म्हणजे या आजाराची चौथी पायरी, पंधराच्या खाली गेला की पाचवी. डायलिसिस अजून नाही, ते होईल तितकं लांब ठेवायचं हा आमचा सध्याचा संसार. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे आंबा घाट चढून जातो, तिथेच आहारतज्ज्ञ बाई बसतात. मी डॉक्टर नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, त्यामुळे एखादी गोष्ट बंद म्हटली की "का?" विचारल्याशिवाय मला राहवत नाही, एवढंच. खाली लिहिलंय ते यांच्या रिपोर्टाला धरून आहे. तुमच्या माणसाचा रिपोर्ट वेगळा, तर उत्तरही वेगळं.

शहाळ्यापासूनच सुरू करते, कारण सगळ्यात जास्त वाद त्यावर होतात. शरीरातलं जादा पोटॅशियम बाहेर टाकायचं काम जवळजवळ सगळं, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास, मूत्रपिंडं करतात. ती थकली की पोटॅशियम रक्तात साचतं. रक्तात ते साधारण 3.5 ते 5 असावं, यांचं मागच्या वेळी 5.3 होतं. वर यांची बीपीची गोळी टेल्मिसार्टनच्या घरातली. ती मूत्रपिंडाला जपते म्हणून दिली जाते, पण पोटॅशियम थोडं धरूनही ठेवते. पोटॅशियम फार चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर माणसाला काही जाणवेलच असं नाही. दुखत नाही, ताप येत नाही. हातपाय गळाल्यासारखे होतात, पण म्हाताऱ्या माणसाचे हातपाय गळाले तर घरात कोण दखल घेतं?

शहाळ्याच्या शंभर मिली पाण्यात पोटॅशियम साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम. चांगलं भरलेलं शहाळं असेल तर तीनशे मिली पाणी सहज निघतं, म्हणजे सहाशे-सातशे मिलिग्रॅम. दीड केळं एका दमात. बाईंनी यांना दिवसभराचं सगळं जेवणखाण धरून दोन हजारांच्या आत राहायला सांगितलंय. त्यातला तिसरा हिस्सा सकाळी सातला स्ट्रॉने ओढून संपवायचा, आणि मग भात, आमटी, भाजी, दूध उरलेल्यात बसवायचं. उन्हातान्हात राबणाऱ्या धडधाकट माणसाला तेच शहाळं उत्तम, कारण त्याचं मूत्रपिंड दुपारपर्यंत हिशोब चुकता करतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की गोची नुसत्या शहाळ्याची नाही. आपल्याकडे अशक्त माणसाला जे जे म्हणून प्यायला देतात, त्यातलं बरंचसं यांना चालत नाही. मोसंबीचा रस, संत्र्याचा रस, डाळिंबाचा रस, टोमॅटोचं सूप, मुगाचं कढण, शेवग्याच्या पाल्याचं पाणी. फळ खाल्लं तर माणूस एकावर थांबतो, पेलाभर रसाला तीन-चार फळं पिळावी लागतात आणि ती दोन मिनिटांत पोटात जातात. संत्र्याच्या रसात शंभर मिलीला दोनशेच्या आसपास पोटॅशियम, डाळिंबाच्या रसातही तितकंच.

सूप आणि कढणाचं तर मला हसूच येतं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. म्हणून बाईंनी शिकवलं, बटाटा, पालेभाजी, सुरण बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी फेकून मग फोडणी द्यायची. मी ते पाणी रोज मोरीत ओतते. आणि व्हॉट्सअॅपवर आमच्या नात्यातली मंडळी मला नेमकं तेच पाणी यांना पाजायला सांगतात, वर मिरपूड घालून. कुळथाच्या कढणाचंही तसंच. कुळीथ आमच्या जेवणातली जुनी, पिठी तर आठवड्यातून एकदा असायचीच. पण कुळीथ शिजवून त्याचं पाणी प्यायचं म्हणजे कडधान्याचं पोटॅशियम गाळून घ्यायचं.

मग गुळाचा चहा. गेल्या काही वर्षांत जिथे तिथे पाट्या लागल्यात. कोल्हापूरहून परतताना साखरप्याला आम्ही चहाला थांबतो, तिथेही यांना कोणीतरी म्हणालंच, "काका, साखरेचा नको, गुळाचा घ्या, औषधी असतो." शंभर ग्रॅम गुळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. पांढऱ्या साखरेत जवळजवळ शून्य, कारण साखर करताना ते मळीबरोबर निघून जातं. चहाच्या एका कपात दहा ग्रॅम गूळ धरला तर शंभर मिलिग्रॅम. तेवढ्याने आकाश कोसळत नाही, पण रोजचे तीन कप झाले की तीनशे. आणि मधुमेहाला गूळ काय न् साखर काय, दोन्ही गोडच. आमच्याकडे बिनसाखरेचाच चहा होतो, त्यामुळे वाद मिटला. पन्ह्याला मात्र मी गूळ बंद केला. कैरी उकडून, तिचा थोडासाच गर, वेलची आणि चवीपुरती साखर. तेही पन्हं अर्धाच पेला, आणि त्या दिवशी दुपारच्या भाताचा एक डाव कमी.

कोकमाबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात, आणि इथे बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायलाच हवं. कोकमाचं आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला रस, तो मिठाने खारट केलेला असतो. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं, त्याचं गोड सरबत होतं. एकातून मीठ जातं, दुसऱ्यातून साखर. यांना दोन्ही नकोत. मी दोन-तीन आमसुलं धुऊन तासभर पाण्यात भिजवते, चिमूटभर जिऱ्याची पूड घालते आणि मीठ घालत नाही. रंग छान येतो. चव, यांच्या भाषेत, "सरकारी". पण बाईंना विचारून ठरवलंय आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तेच चालतं. सोलकढी सणासुदीला दोन घोट, कारण नारळाच्या दुधातही पोटॅशियम भरपूर.

मिठाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आमच्या एका आप्तांनी मोठ्या प्रेमाने 'लो सोडियम' मिठाचं पाकीट आणून दिलं, ताकात घालायला. त्यात सोडियम क्लोराइड कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. नुसतं बीपी असलेल्याला ते उपयोगी पडेलही, पण मूत्रपिंड थकलेल्याला ते मीठ म्हणजे शहाळ्याचा थोरला भाऊ. पाकीट मागून वाचा. सैंधव मिठाचंही कौतुक फार होतं, पण ते बव्हंशी साधं सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंगाने तहान कमी लागत नाही.

आता जिथे मी अजिबात ऐकून घेत नाही ते. करंबळ. कोणी कमरख म्हणतात, आडवं कापलं की पाच टोकांची चांदणी दिसते. आमच्या वाडीत दोन झाडं आहेत, मीठ-तिखट लावून खायचं नाहीतर सरबत करायचं. या फळात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं द्रव्य असतं, 2013 साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून दाखवलं. चांगलं मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. थकलेल्याला ते जमत नाही आणि ते मेंदूवर चढतं. आधी न थांबणारी उचकी, मग गोंधळल्यासारखं बोलणं, झटके, आणि यात माणसं दगावलेली आहेत. डायलिसिसवरच्या माणसाला एखादं फळही पुरेसं ठरू शकतं. हे प्रमाणात घेण्याचं फळ नव्हे, पूर्ण बंद. किडनीच्या माणसाला करंबळ खाल्ल्यावर उचकी लागली तर साखर चघळायला देत घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते तोंडाने सांगा, कारण डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.

बिंबलं, म्हणजेच बिलिंबी, तीही त्याच जातकुळीतली. त्यांच्यात ऑक्झलेट भरमसाट, आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकून बसतात. केरळात कोलेस्ट्रॉल उतरवायला म्हणून बिलिंबीचा रस पिणाऱ्या माणसांची मूत्रपिंडं अचानक बंद पडल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत, आणि हे रस पिणारे आधी किडनीचे रोगी नव्हते. आमच्याकडे माशाच्या कालवणात एखाददुसरं बिंबल पडतं, ते निराळं. पेलाभर रस निराळा. पालकाची हिरवी स्मूदी, आवळ्याचा रस उपाशीपोटी, 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या, या सगळ्यांनी ऑक्झलेट वाढतं. "नैसर्गिक आहे हो" हे वाक्य ऐकलं की मी आता करंबळाचं नाव घेते. तेही नैसर्गिकच आहे.

पाणी किती, यावर तर प्रत्येक जण तज्ज्ञ. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला मूतखड्याचा आहे. मूतखडा आणि मूत्रपिंड मंदावणं हे आजार लोक एकाच पिशवीत घालतात, आणि मग बार्लीचं पाणी, कुळथाचं पाणी, दिवसाला चार लिटर पाणी असं सगळं यांच्यावर येऊन पडतं. 2018 साली कॅनडातल्या एका अभ्यासाचा निकाल आला होता. तिसऱ्या पायरीच्या रोग्यांना वर्षभर मुद्दाम जास्त पाणी प्यायला लावलं, आणि मूत्रपिंडाची घसरण काही त्याने थांबली नाही. उलट टोकाला जाऊन पाणी तोडणंही चूक. यांची लघवी चांगली होते, पायावर सूज फारशी नाही, म्हणून डॉक्टरांनी दीड लिटरच्या आसपास ठेवायला सांगितलंय, उन्हाळ्यात थोडं इकडेतिकडे.

माझ्या नणंदेचे यजमान, आमचे डोंबिवलीचे भाऊजी, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांचा नियम निराळा. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं, अधिक पाचशे मिली. त्यांची लघवी दिवसाला एखादा कप. म्हणजे चहा, पाणी, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं मिळून साडेसहाशे-सातशेत बसवायचं. जादा प्यालेलं कुठे जात नाही, अंगातच राहतं. एक लिटर म्हणजे एक किलो वजन, आणि ते पुढच्या डायलिसिसला चार तासांत ओढून काढताना बीपी कोसळतं, पायात गोळे येतात. नणंद त्यांच्यासाठी सकाळी एक बाटली भरते. ते जे काही पितील तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बाटली रिकामी झाली की दिवस संपला. वाटीभर वरण घेतलं तरी ती बाटलीतून वाटीभर ओतते. भाऊजी म्हणतात, ही माझ्याकडे नाही, बाटलीकडे बघून बोलते.

तहानेचं मूळ मात्र बरेचदा पेल्यात नसून ताटात असतं. लोणचं, पापड, सुकट, फरसाण खाल्लं की तहान लागणारच. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात स्वयंपाकाचं सगळं आलं. आमच्याकडे ते पाळायला लागल्यावर यांची रात्री उठून पाणी पिण्याची सवय आपसूक कमी झाली. मधुमेह्याची साखर चढली तरी घसा कोरडा पडतो, तेव्हा पाणी तोडण्याआधी साखर तपासा. भाऊजी बर्फाचा छोटा खडा चघळतात, एरवी खळखळून चूळ भरतात किंवा लवंग धरतात दाढेत. बर्फही पाण्यातच मोजायचा, हे त्यांना नणंदेने दोनदा सांगितलंय.

चहा-कॉफीवर माझं फार म्हणणं नाही. दिवसाला दोन कप चहा, त्यात दूध बेताचं. दुधात शंभर मिलीला दीडशे मिलिग्रॅम पोटॅशियम आणि नव्वदच्या आसपास फॉस्फरस (थकलेलं मूत्रपिंड तोही बाहेर टाकू शकत नाही), म्हणून रात्रीचं पेलाभर हळददूध गेलं. ते जाताना यांनी जेवढा विरोध केला तेवढा बदलीच्या वेळी डेपो मॅनेजरला केला नसेल. लिंबू घातलेला कोरा चहा मला स्वतःला आवडू लागला. लिंबाचं पाणीही चालतं, कारण एका लिंबाच्या रसात पोटॅशियम चाळीसेक मिलिग्रॅमच असतं, फक्त मीठ घालायचं नाही. दुधात घालायच्या माल्ट-चॉकलेटच्या पावडरी आणि 'शक्ती'चे डबे घरात आणत नाही. किडनीच्या रोग्यांसाठीच्या खास पावडरीही दोन तऱ्हेच्या येतात, डायलिसिसवाल्यांना प्रथिनं जास्त, बाकीच्यांना कमी. दुकानदाराने दिला तो डबा घेऊन येऊ नका, डॉक्टरांना विचारा.

काळी कोला मात्र बंद. साखरेमुळे तर बंदच, पण बिनसाखरेचीही बंद. तिच्यात फॉस्फोरिक अॅसिड असतं, बाटलीवर बारीक अक्षरांत 338 असा आकडा दिसेल. डाळी-दाण्यांतला फॉस्फरस आतडं अर्धामुर्धाच शोषतं, हा असा वरून घातलेला जवळजवळ सगळाच रक्तात जातो. साचलेल्या फॉस्फरसमुळे हाडं कमकुवत होतात, रक्तवाहिन्या कडक होतात, अंगाला खाज सुटते. लग्नात यांच्या हातात कोणी ग्लास दिलाच तर मी साधा सोडा आणि लिंबू मागते.

एक रात्रीची गोष्ट. यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, साखर बघितली तर 58. मूत्रपिंड मंदावलं की इन्शुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे नेहमीच्याच डोसने साखर घसरू शकते. शेजारची मुलगी धावत संत्र्याच्या रसाचा खोका घेऊन आली. एरवी ते बरोबरच होतं. मी अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. साखर तीच मिळते, पोटॅशियम मिळत नाही. पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग दोन बिस्किटं दिली. साखर घसरल्यावर काय द्यायचं हे मधुमेह आणि किडनी दोन्ही असलेल्या घरात आधीच ठरवून ठेवावं. आमची ग्लुकोजची पुडी यांच्या उशाशी असते.

जुलाब-उलट्यांचं गणित पुन्हा उलटं फिरतं. ओआरएसच्या एक लिटरमध्ये पोटॅशियम जवळजवळ आठशे मिलिग्रॅम आणि सोडियम सतराशेच्या वर. रोज हौसेने प्यायचं सरबत ते नव्हे. पण खरोखर जुलाब लागले असतील तर "किडनीचा पेशंट आहे, पाणी कमी" म्हणून कोरडं ठेवणं जास्त घातक, कारण अंगातलं पाणी आटलं की उरलंसुरलं मूत्रपिंडही बसतं. अशा वेळी लगेच डॉक्टरांना फोन. ते किती आणि काय प्यायचं ते सांगतात, आणि बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या दोन दिवस थांबवायच्या का तेही सांगतात. स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत, पण विचारायचं नक्की.

एवढं सगळं बंद म्हटल्यावर उरतं काय, असं हे विचारतात. उरते पेज. भातात पोटॅशियम कमी, त्यामुळे तांदळाची पातळ पेज हे आमच्या कोकणातलं गरिबाचं पेय यांना छान चालतं. साखरेसाठी वाटी मोजून, मीठ चिमटीने, आणि सोबत लोणचं नाही. सकाळी दहाला ती घेतली की दुपारपर्यंत तोंड गप्प असतं. मग आमसुलाचं पाणी, लिंबाचं पाणी, दोन चहा, आणि अधूनमधून माठातलं गार पाणी छोट्या स्टीलच्या पेल्यातून. तो पेला शंभर मिलीचा आहे, खोकल्याच्या औषधाच्या मापाने भरून मी खात्री करून घेतली. मोठा तांब्या मी कपाटात ठेवून दिलाय.

आणि ताक. ताकावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. दही घट्ट असेल तर ते दुधाइतकंच जड, पण एक भाग दही आणि तीन भाग पाणी असं पातळ घुसळलं की पोटॅशियम-फॉस्फरस त्या मानाने उतरतं. बाईंनी दुपारच्या जेवणात अर्धी वाटी कबूल केलीय, बिनमिठाची, आलं आणि कोथिंबीर लावून. यांना ती पूर्ण वाटी हवी असते आणि वर हिंगाची फोडणी. फोडणीला माझी हरकत नाही. पुढचा रिपोर्ट जूनमध्ये आहे, पोटॅशियम पाचच्या खाली आलं तर वाटी पूर्ण करू, असं डॉक्टर म्हणालेत. औषधांच्या वेळा मला विचारणाऱ्या या माणसाने ते वाक्य मात्र तारखेसकट लक्षात ठेवलंय.